'आठ दिवसांनी या' हे कॅलेंडरला कसे सांगावे

मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या पायावर एक लहान शस्त्रक्रिया झाली. सोमवारी ड्रेसिंग बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांनी टाके काढायला या." ठाण्यातल्या नौपाड्यात घरी परतताना रिक्षातच मी हे वाक्य जसेच्या तसे फोनवरच्या आवाजी सहायकाला मराठीतून सांगितले, त्याने नोंद झाल्याचे कळवले आणि मी निर्धास्त झाले. नोंद झाली होती ती पुढच्या मंगळवारची. त्या दिवशी सासूबाई कठड्याला धरून दोन जिने उतरल्या, आम्ही पाचपाखाडीतल्या दवाखान्यात पोहोचलो आणि डॉक्टर फक्त सोमवारी आणि गुरुवारी बसतात हे तिथल्या पाटीवर वाचून परत फिरलो. मराठी माणूस 'आठ दिवसांनी' म्हणतो तेव्हा त्याला पुढच्या आठवड्यातला तोच वार अभिप्रेत असतो, कारण आपण आजचा दिवस धरून मोजतो. यंत्राने आजच्या तारखेत आठ मिळवले. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते, फक्त ते एकमेकांशी जुळवून पाहण्याचे काम माझे होते आणि ते मी केले नव्हते.

रोजच्या बोलण्यातले वाक्य टाइप करून किंवा बोलून कॅलेंडरात नोंद करण्याची सोय आता बहुतेकांच्या फोनमध्ये आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. ज्येष्ठ मंडळींना तर ती फारच सोयीची पडते, कारण तारखेच्या बारीक चौकटी, तासांची फिरती चाके आणि सकाळ-संध्याकाळचे बटण या साऱ्यातून त्यांची सुटका होते. मात्र आपल्या वाक्यातला कोणता भाग यंत्रावर सोपवावा आणि कोणता आपणच पक्का करून द्यावा, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

कॅलेंडरातली प्रत्येक नोंद म्हणजे मुळात काही रकाने असतात: काय आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, कुठे आणि पुन्हा कधी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून आयकॅलेंडर नावाचा एक प्रमाणित नमुना १९९८ मध्ये ठरवला गेला आणि २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ईमेलला जोडून येणारी 'आयसीएस' फाइल ती हीच. या नमुन्यात पूर्ण तारीख आणि घड्याळी वेळ लिहिण्याची सोय आहे, पण 'परवा', 'पुढच्या आठवड्यात', 'दिवेलागणीला' या शब्दांना तिथे जागाच नाही. म्हणजे 'परवा'ची तारीख कोणीतरी काढावीच लागते. ती तुम्ही काढली नाही तर यंत्र काढते आणि ज्या रकान्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत तो यंत्र आपल्या ठरलेल्या सवयीने भरते. किती वेळ हे सांगितले नाही तर बहुतेक ठिकाणी एक तास धरला जातो. वेळच सांगितली नाही तर नोंद बहुधा दिवसभराची होते आणि मग ऐन वेळी घंटा वाजत नाही. ॲपलच्या मॅक संगणकावरच्या कॅलेंडरात इंग्रजीतून नुसते 'मॉर्निंग' लिहिले तर सकाळचे ९, 'लंच' लिहिले तर दुपारचे १२ आणि 'डिनर' लिहिले तर रात्रीचे ८ धरले जातात. ठाण्याहून ७:५० ची लोकल पकडणाऱ्या माणसाची 'सकाळ' ९ वाजेपर्यंत कधीच संपलेली असते, म्हणून वेळ आपणच सांगावी.

हे काम करणारी साधने दोन प्रकारची आहेत आणि दोघांशी बोलण्याची रीत वेगळी आहे. पहिला प्रकार जुना, ठरावीक नियमांवर चालणारा. गूगल कॅलेंडर २००६ मध्ये आले तेव्हापासून त्यात एका ओळीत नोंद लिहिण्याची सोय होती, मॅकच्या कॅलेंडरात अधिकच्या चिन्हावर क्लिक केले की अशी ओळ लिहिता येते आणि संगणकावरच्या आउटलुकमध्ये तारखेच्या चौकटीत 'नेक्स्ट ट्यूसडे' असे लिहिले तरी ते तारखेत बदलून घेतले जाते. ही साधने वाक्य समजून घेत नाहीत. ती त्यातले वार, महिने, आकडे हुडकतात आणि उरलेले शब्द शीर्षक म्हणून ठेवतात. त्यांच्याशी 'डेंटिस्ट फ्रायडे फाइव्ह पीएम' अशा धाटणीच्या आखूड इंग्रजीतच बोलावे आणि आकडेही इंग्रजी टाकावेत. मराठी वाक्य त्यांना दिले तर ते अख्खे शीर्षकात जाऊन बसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा प्रकार म्हणजे भाषा जाणणारे सहायक. गूगलचा असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला आणि जून २०२४ मध्ये गूगलच्याच जेमिनी या नव्या सहायकाचे ॲप भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. जेमिनीला आपले गूगल कॅलेंडर जोडून दिले, म्हणजे ॲपच्या सेटिंग्जमध्ये तशी परवानगी दिली, की मराठी वाक्यावरून तो नोंद करू शकतो. यांच्याशी पूर्ण वाक्यात बोलावे. ते 'साडेपाच' समजतात, 'मुलीची शाळा सुटल्यावर' असे म्हटले तर शाळा किती वाजता सुटते असेही विचारू शकतात. अडचण अशी की जे त्यांना नीट समजले नाही तेही ते तितक्याच ठामपणे लिहून टाकू शकतात. माझी टाक्यांची नोंद अशीच झाली होती.

आवाजाने टाइप करायचे असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे ना, हे आधी पाहावे. मराठी आवाज ओळखण्याची सोय त्यात २०१७ पासून आहे. बोलताना घाई करू नये आणि पंखा किंवा टीव्ही शेजारी असेल तर फोन तोंडाजवळ धरावा. सातला साठ आणि वीसला तीस ऐकले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून पडद्यावर उमटलेले वाक्य पाठवण्याआधी वाचावेच.

जे शब्द आपण सहज वापरतो

मराठीत वेळेसाठी इतके नेमके आणि इतके सुंदर शब्द आहेत की ते सोडून द्यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यांतले काही शब्द माणसाला माणसाशी बोलताना पुरतात, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो.

'परवा' हा त्यांतला पहिला. तो मागेही जातो आणि पुढेही. 'परवा मावशी आली होती' आणि 'परवा मावशी येणार आहे' यांतला फरक क्रियापदावरून कळतो. पण आपण कॅलेंडरला क्रियापदच देत नाही. आपण लिहितो, 'परवा मावशी, दुपारी जेवायला.' भाषा जाणणारा सहायक बहुधा पुढचाच दिवस धरेल, पण 'बहुधा'वर मावशीला स्टेशनवर उभे ठेवता येत नाही. 'तेरवा'चेही तसेच. 'येत्या रविवारी' आणि 'पुढच्या रविवारी' यांबाबत तर घरातल्या दोन माणसांचेही एकमत होत नाही. शुक्रवारी कोणी 'पुढच्या रविवारी' म्हणाले तर काहींच्या मनात दोन दिवसांनी येणारा रविवार असतो आणि काहींच्या मनात त्यानंतरचा. अशा वेळी सांगणाऱ्यालाच "म्हणजे कोणती तारीख?" असे विचारून घ्यावे, मग नोंद करावी.

'आठ दिवसांनी'चा अनुभव वर सांगितलाच. 'पंधरा दिवसांनी'ची गतही तीच आहे. आपल्याकडे आठवडा या शब्दातच आठ आहे आणि पंधरवड्यात पंधरा. मोजायला गेले तर ते सात आणि चौदा दिवस असतात. दवाखाना, पार्लर, फिजिओथेरपी, मुलांचे क्लास, सगळीकडे हीच बोली चालते आणि ती चालावी. यंत्राला सांगताना मात्र 'पुढच्या आठवड्यात याच वारी' असे म्हणावे किंवा सरळ तारीख द्यावी.

घड्याळाच्या शब्दांकडेही जरा थांबून पाहायला हवे. सव्वासहा, साडेतीन, पावणेपाच, दीड, अडीच हे शब्द सहायकांना सहसा कळतात. कठीण जातात ते 'पाऊण' आणि 'सव्वा'. 'पाऊण वाजता' म्हणजे १२:४५ आणि 'पाऊण तास' म्हणजे ४५ मिनिटे. 'सव्वा वाजता' म्हणजे १:१५ आणि 'सव्वा तास' म्हणजे ७५ मिनिटे. 'उद्या पाऊणला भेटू, पाऊण तास लागेल' हे वाक्य माझ्या सासूबाईंना एका दमात कळते, पण त्यात एकच शब्द एकदा वेळ म्हणून आणि एकदा कालावधी म्हणून आला आहे. अशा ठिकाणी 'उद्या दुपारी १२:४५ ते १:३०' असे सांगितले की काही उरत नाही. 'पाचला दहा कमी' असतील तर तेही ४:५० असे लिहावे.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हा शब्द आकड्याच्या आधी न चुकता घालावा. नुसते 'सातला' म्हटले तर सकाळचे की संध्याकाळचे, हा निर्णय यंत्र करते. रेल्वेच्या वेळापत्रकासारखे १९:०० असे लिहिण्याची सवय असेल तर फारच उत्तम, कारण त्यात गैरसमजाला जागा राहत नाही.

तारीख आकड्यांत लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून. पण ज्या फोनची किंवा लॅपटॉपची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली असते, तिथे ते ६ मे असे वाचले जाऊ शकते. तारीख १२ च्या पुढची असेल तर चूक लगेच उघड होते, पण १ ते १२ या तारखांची चूक मुकाट्याने आत शिरते.

या सगळ्यावर मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे वार आणि तारीख दोन्ही सांगणे. उदाहरणार्थ:

"सोमवार, ६ जुलै २०२६ रोजी सकाळी ११:३० ते १२, आईंचे टाके काढणे, पाचपाखाडीचा दवाखाना. आदल्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता आठवण करून दे."

यात वार हा तारखेचा साक्षीदार आहे. तारीख चुकीची ऐकली किंवा लिहिली गेली तर वार जुळत नाही आणि तुमची नजर तिथे अडकते. सहायकाला आधीच "वार आणि तारीख जुळत नसेल तर नोंद करू नकोस, मला विचार" असे सांगून ठेवले तर आणखी बरे. वाक्य लांब झाले तरी हरकत नाही. परत फिरावे लागण्यापेक्षा दहा शब्द जास्त बोललेले परवडतात, विशेषतः ज्यांना जिना उतरायचा असतो त्यांना.

रात्री बारा

आमच्या सोसायटीच्या फलकावर दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असल्याची नोटीस लागते. त्यातली वेळ बहुतेक वेळा 'गुरुवार रात्री १२ ते शुक्रवार रात्री १२' अशी लिहिलेली असते. वाचणाऱ्याला ती बरोबर कळते: गुरुवारी झोपण्यापूर्वी पिंप भरून ठेवायचे, शुक्रवारी पाणी येणार नाही. घड्याळाच्या हिशेबात मात्र दिवस मध्यरात्री सुरू होतो, म्हणून 'गुरुवार, १२ एएम' म्हणजे बुधवारची रात्र सरून गुरुवार लागतो तो क्षण. नोटिशीचे वाक्य तसेच यंत्राला दिले आणि त्याने हा अर्थ घेतला तर संपूर्ण नोंद एक दिवस आधी सरकते. गुरुवारी नळाला पाणी असते, माणसाला वाटते की शटडाऊन रद्द झाला आणि शुक्रवारी सकाळी घरात एक कळशीही भरलेली नसते.

याला दोन उपाय आहेत. बाराऐवजी ११:५९ लिहावे, म्हणजे 'गुरुवार रात्री ११:५९ ते शुक्रवार रात्री ११:५९'. किंवा त्याहून सोपे म्हणजे 'शुक्रवारी दिवसभर पाणी बंद' अशी दिवसभराची नोंद करावी आणि 'गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता पाणी भरणे' ही दुसरी, घंटा वाजणारी नोंद वेगळी करावी. मी दुसराच मार्ग वापरते, कारण आपल्याला उठून काही करायचे असते ते गुरुवारी संध्याकाळी.

मध्यरात्रीनंतर ठाण्याला येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीबाबतही हीच काळजी घ्यावी. आपण 'शनिवारी रात्री साडेबाराची गाडी' म्हणतो तेव्हा फलाटावर तारीख रविवारची लागलेली असते. तिकिटावर ठाणे स्थानकाची जी तारीख छापलेली असेल तीच कॅलेंडरात द्यावी आणि घरून निघण्याची वेगळी नोंद शनिवारी रात्रीची करावी.

ठिकाणाचे आकडे

नवी मुंबईतले पत्ते आकड्यांनी भरलेले असतात आणि नियमांवर चालणाऱ्या साधनांना आकडा दिसला की तो वेळ किंवा तारीख वाटू शकतो. 'वाशी सेक्टर १७, शुक्रवारी ५ वाजता' या वाक्यात १७ ही तारीखही वाटू शकते आणि संध्याकाळचे पाचही, कारण २४ तासांच्या घड्याळात ५ म्हणजे १७:००. नेरुळ, खारघर, कोपरखैरणे, सगळीकडे हाच प्रश्न येतो. ठाण्यातही 'वर्तकनगर, इमारत ७' असे लिहिले की सात वाजण्याची भीती असते. म्हणून आधी दिवस आणि वेळ सांगून टाकावी, पत्ता वाक्याच्या शेवटी 'ठिकाण' हा शब्द घालून सांगावा. जुन्या साधनांत तर आकड्यांचा पत्ता ओळीत लिहूच नये. नोंद झाल्यावर ती उघडून ठिकाणाच्या चौकटीत टाकावा.

तोंडी नावांचेही असेच आहे. ठाणेकर 'रविवारी गडकरीला प्रयोग आहे' म्हणतात, घोडबंदर रोडच्या बाजूला राहणारे 'घाणेकरला' म्हणतात, वाशीकर 'भावेला' म्हणतात. आपल्या कानांना ही नाट्यगृहे आहेत, यंत्राला ती माणसांची आडनावे वाटू शकतात आणि तुमच्या संपर्कयादीत खरोखरच कोणी गडकरी असतील तर त्यांना निमंत्रण पाठवू का, असेही विचारले जाऊ शकते. 'ठिकाण: गडकरी रंगायतन, ठाणे' किंवा 'ठिकाण: डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, ठाणे' असे पूर्ण नाव द्यावे. शहरात दोन नाट्यगृहे असताना नुसते 'नाट्यगृहात' लिहून तर मुळीच भागत नाही. पूर्ण नाव असले की नोंदीवरून थेट नकाशा उघडतो आणि बरोबर येणाऱ्या पाहुण्यांना वेगळा पत्ता पाठवावा लागत नाही.

प्रवासाचा वेळ ही अशी गोष्ट आहे जी आपण वाक्यात कधीच सांगत नाही. 'रविवार, १९ जुलै, संध्याकाळी ४:३०, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग' ही नोंद बरोबर असली तरी तिची घंटा अर्धा तास आधी वाजली तर ठाण्याहून निघणाऱ्याला तिचा उपयोग नाही. 'अडीच वाजता निघण्याची आठवण कर' असे त्याच वाक्यात जोडावे. रविवारी ठाणे-वाशी लोकलच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असू शकतो, म्हणून मी शनिवारी संध्याकाळी 'उद्याचा मेगाब्लॉक पाहणे' अशी आणखी एक लहानशी नोंद करून ठेवते.

पुन्हा पुन्हा येणारे दिवस

'दर मंगळवारी', 'दर महिन्याच्या ५ तारखेला', 'दरवर्षी १२ मार्चला' ही वाक्ये कोणत्याही साधनाला सरळ कळतात. अडते ते तीन-चार ठिकाणी, पण ती ठिकाणे रोजच्या व्यवहारातली आहेत.

'दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन' असे सांगितले आणि यंत्राने खरोखर पंधरा मोजले तर प्रत्येक वेळी वार एकाने पुढे जातो: आज गुरुवार, मग शुक्रवार, मग शनिवार. 'दर दोन आठवड्यांनी, गुरुवारी' असे म्हणावे.

'दर महिन्याच्या ३१ तारखेला' असे सांगितले तर ज्या महिन्यांना ३१ तारीख नाही ते महिने आयकॅलेंडरच्या नियमाप्रमाणे सरळ वगळले जातात आणि वर्षात सातच नोंदी होतात. मेंटेनन्स भरणे, भाडे देणे अशा कामांसाठी महिनाअखेर टाळून २८ तारीख किंवा १ तारीख धरावी.

बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. ही नोंद एका वाक्यात करायला गेले तर गूगल कॅलेंडरच्या नेहमीच्या पर्यायांत ती बसत नाही, कारण तिथे महिन्यातला एकच ठरावीक वार निवडता येतो. 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद' आणि 'दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी बँक बंद' अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्यात. 'चौथा'ऐवजी 'शेवटचा' शनिवार म्हणू नये, कारण पाच शनिवारांच्या महिन्यात शेवटचा शनिवार पाचवा असतो आणि त्या दिवशी बँक उघडी असू शकते.

तिथीचे दिवस मात्र अशा नियमात बसतच नाहीत. सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "अगं, संकष्टी दर महिन्याला येते, एकदाच टाकून ठेव की." मी त्यांना म्हटले, "आई, तुम्ही ती दिनदर्शिकेत बघता ना, तसे त्याला बघता येत नाही." संकष्टी वद्य चतुर्थीला येते आणि चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने ती इंग्रजी महिन्याच्या एका तारखेला बांधता येत नाही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. 'दरवर्षी २७ ऑगस्टला गणपती' अशी नोंद झाली तर ती पुढच्याच वर्षी खोटी ठरते. आम्ही दर वर्षी जानेवारीत भिंतीवरची दिनदर्शिका समोर ठेवतो, सासूबाई संकष्ट्यांच्या तारखा वाचतात आणि मी त्या एका दमात सहायकाला सांगते. सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथीही त्याच बैठकीत टाकते. दहा-बारा मिनिटांचे हे काम आहे. सहायकाला 'यंदाच्या संकष्ट्या शोधून टाक' असेही सांगता येते, पण मग प्रत्येक तारीख दिनदर्शिकेशी ताडून पाहावी लागते, त्यापेक्षा आपणच वाचून दाखवणे बरे. उपास चंद्रोदयाला सुटतो, म्हणून मी त्या नोंदींत दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळही सांगते.

परदेशातल्या माणसांशी ठरलेल्या वेळा ज्याच्या घड्याळावर ठरल्या त्याच्याच देशाच्या वेळेत नोंदवाव्यात. माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि तो तिथल्या सकाळी ८ वाजता फोन करतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ५:३० होतात आणि हिवाळ्यात ६:३०, कारण तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. 'दर रविवारी न्यू यॉर्कच्या वेळेनुसार सकाळी ८' असे सांगितले की पुढचे गणित कॅलेंडर स्वतः सांभाळते.

लग्नपत्रिकेचा फोटो देऊनही आता नोंद करून घेता येते. सोय मोठी आहे, पण पत्रिकेवर हळद, सीमांतपूजन, मुहूर्त आणि स्वागतसमारंभ अशा चार वेळा असतात आणि कधी कधी दोन ठिकाणे. 'फक्त मुहूर्ताची नोंद कर' किंवा 'चारही समारंभांच्या वेगळ्या नोंदी कर' हे फोटोबरोबर सांगावे आणि मुहूर्ताची मिनिटे पत्रिका हातात धरून तपासावीत.

नोंद झाल्यावर

सहायक 'नोंद केली आहे' म्हणाला तरी तिथे थांबू नये. कॅलेंडर उघडून ती चौकट डोळ्यांनी पाहावी. वार, तारीख, सुरुवात, शेवट आणि घंटा, एवढ्या पाच गोष्टींवरून नजर फिरवायला दहा सेकंद लागतात. फोनमध्ये घरचे आणि ऑफिसचे अशी दोन खाती असतील तर नोंद कोणत्या खात्यात गेली हेही बघावे, कारण घरच्या माणसाच्या आजारपणाची नोंद ऑफिसच्या सामायिक कॅलेंडरात सर्वांना दिसणे योग्य नाही. तशी ती गेलीच असेल तर नोंद उघडून 'खाजगी' करावी किंवा दुसऱ्या खात्यात हलवावी. ज्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी सहायकाला "या सोमवारी माझ्या कॅलेंडरात काय आहे ते वाचून दाखव" असे विचारावे. सासूबाई आता रोज सकाळी चहा घेताना हे विचारतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीत बदल करताना गूगल कॅलेंडर तीन पर्याय देते: फक्त ही नोंद, ही आणि यानंतरच्या, किंवा सर्व. सासूबाईंची फिजिओथेरपी दर सोमवारी असते आणि यंदा १४ सप्टेंबरचा सोमवार गणेश चतुर्थीचा आहे, म्हणून त्या आठवड्यापुरती ती बुधवारी, १६ तारखेला घ्यायची ठरले. मी सहायकाला सांगितले, "फक्त सोमवार, १४ सप्टेंबरची फिजिओथेरपी बुधवार, १६ सप्टेंबरला त्याच वेळी हलव. बाकीचे सोमवार तसेच राहू देत." मग कॅलेंडर उघडून २१ तारखेचा सोमवार जागेवर आहे ना, ते पाहिले.